सुट्टीत काय वाचावं: तासगावला निघालेल्या एका वाचकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नोकरी, डिसेंबरअखेर आठ-नऊ दिवस तासगावजवळच्या गावी जाणार, सोबत दहा वर्षांची मुलगी, घरी निवृत्त वडील. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं इंग्रजीत, त्यामुळे मराठी वाचायला बसलं की वेग पडतो. दर एक जानेवारीला पन्नास पुस्तकांचा संकल्प होतो आणि फेब्रुवारीत बारगळतो. मुलगी मराठी पुस्तक हातात घेत नाही. वडील पूर्वी रोज वाचायचे, आता डोळ्यांमुळे पेपरसुद्धा बाजूला ठेवतात. म्हणून यंदा ‘वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं’ सांगा, असं तुम्ही लिहिलंय.

मी सांगलीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बरीच वर्षं बसते. या टेबलावरून एक गोष्ट नीट दिसते: लोक काय वाचायचं ठरवतात आणि प्रत्यक्षात काय वाचून परत आणतात. या दोहोंत अंतर पडतं ते पुस्तकं कमी माहीत असल्यामुळे नाही. पन्नास नावं तुम्हाला कुठेही मिळतील. तुमची अडचण पहिल्या पुस्तकाची आहे. सवय मोडलेली असताना पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं, आणि घरातल्या गडबडीत ते पूर्ण कसं व्हावं, एवढं सुटलं तर पुढची नावं तुमची तुम्हीच शोधाल. म्हणून मी पन्नास नावं देणार नाही. थोडी देईन, पण प्रत्येक का आणि कधी घ्यावं तेही सांगेन.

आधी पन्नासचा हिशोब करू. सरासरी अडीचशे पानांचं पुस्तक धरलं तर पन्नास पुस्तकांची साडेबारा हजार पानं होतात, म्हणजे रोजची चौतीस. सवय गेलेल्या माणसाला मराठीच्या एका पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात. रोज सव्वा ते दीड तास, तोही एकही दिवस न चुकवता. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला हे झेपत नाही, यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही दोष नाही. त्याऐवजी महिन्याला एक, दोनशे पानांच्या आसपासचं पुस्तक धरा. वर्षाची चोवीसशे पानं, रोजची सहा-सात, वेळ पंधरा मिनिटं. जास्त झालं तर उत्तमच. पण संकल्प करायचाच असेल तर तो या बाराचा करा, आणि त्यातली पहिली दोन पुस्तकं या सुट्टीतच वाचून होऊ द्या. जानेवारी उजाडतो तेव्हा दोन पुस्तकं खात्यावर जमा असणं फार उपयोगाचं असतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. डिसेंबरअखेर तासगावकडे द्राक्षबागांची धावपळ असते. घरची बाग असेल तर तुम्हाला सलग दोन तास मिळणार नाहीत. पाहुणे येणार, कुणाच्या तरी रानात हुरड्याला जाणं होणार, रात्री थंडीत लवकर निजानीज होणार. वेळ मिळेल तो वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. अशा सुट्टीत सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी नेणं म्हणजे ती तशीच परत आणणं. तुमच्या घरी खरोखरच निवांतपणा असेल, दुपारी दार लावून बसता येत असेल, तर पुढचा क्रम तुम्ही बदलू शकता. बहुतेकांच्या घरी तसं नसतं, असं धरून लिहिते.

जाड पुस्तकांबद्दल मी एवढं ठामपणे का बोलते ते सांगते. वाचनालयातलं कोणतंही जुनं जाडजूड पुस्तक हातात घ्या, ते घट्ट मिटा आणि पाठीच्या विरुद्ध बाजूची कड उजेडात धरा. शेकडो बोटांनी उलटलेली पानं कडेला करडी, मळकी दिसतात. न उलटलेली पानं पांढरी राहतात. कित्येक गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती पहिल्या चतुर्थांशापर्यंत काळवंडलेल्या आणि पुढे जवळजवळ कोऱ्या असतात. लोक मोठ्या हौसेने नेतात, शे-सव्वाशे पानं वाचतात आणि मुदत संपली म्हणून परत करतात. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ हा मोठा अपवाद. आमच्याकडची तिची प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली आहे, दोनदा बाइंडिंग झालं तरी. जाड पुस्तक शेवटपर्यंत ओढून नेतं ते असं. पण तेही मे महिन्यासाठी ठेवा, सवय परत बसल्यावर.

तर पहिलं पुस्तक. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’. हे १९४९ सालचं पुस्तक म्हणजे सुटी सुटी व्यक्तिचित्रं आहेत. एका बैठकीत एक माणूस पूर्ण होतो. ‘धर्मा रामोशी’ वाचायला तुम्हाला जेवणानंतरचा अर्धा तास पुरे आहे. मध्ये कुणी हाक मारली आणि पुस्तक खाली ठेवावं लागलं तरी धागा तुटत नाही, कारण पुढच्या वेळी नव्या माणसापासूनच सुरुवात करायची असते. सवय मोडलेल्याला ‘हे झालं’ असं लवकर आणि वारंवार वाटणं फार गरजेचं असतं.

दुसरं कारण भाषेचं. तुम्ही म्हणता वेग पडतो. वेग पडतो तो बहुतेक वेळा जोडाक्षरांनी भरलेल्या, लांब वाक्यांच्या पुस्तकी मराठीत. माडगूळकरांची वाक्यं आखूड असतात, आणि संवाद आटपाडी-माणच्या बोलीत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिथे थोडं अडखळायला होतं. तुम्हाला होणार नाही. ती बोली तुम्ही लहानपणी बाजारात, एसटीत, रानात ऐकलेली आहे. अडलंच तर ती ओळ मोठ्याने वाचा. डोळ्याला अनोळखी वाटलेला शब्द कानाला लगेच ओळखू येतो. आमच्याकडे येणाऱ्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही मी हेच सांगते आणि ते लागू पडतं.

दुसरं पुस्तक त्यांचंच, ‘बनगरवाडी’, १९५५ सालचं. औंध संस्थानाच्या मुलखातल्या एका धनगरांच्या वाडीवर तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, पण पोरं मेंढरांमागे गेलेली, शाळा रिकामी. मग कारभाऱ्याच्या मदतीने एकेक मूल जमतं. मास्तर हळूहळू गावाचा होतो, लोकांची कामं अंगावर घेतो, तालीम बांधण्याचं मनावर घेतो. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठते. पुस्तक लहान आहे, सुट्टीतल्या चार-पाच संध्याकाळी पुरतील एवढं. पण त्यात एक अख्खं गाव आहे. मी हे पुस्तक वाचायला दिलेल्यांपैकी पुष्कळ जण ‘आता असंच दुसरं द्या’ म्हणत परत आलेत. शक्य असेल तर एक दिवस विट्यावरून आटपाडीकडे गाडीने जा. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यामुळे माणदेश आता पूर्वीइतका उजाड दिसत नाही. पुस्तकातला दुष्काळ त्या हिरव्या पट्ट्यांशेजारी ठेवून पाहिला की पाणी म्हणजे काय ते फार खोलवर कळतं.

घरचे लोक कदाचित म्हणतील, सांगलीचे म्हणून वि. स. खांडेकरांपासून सुरुवात कर. ‘ययाति’ थोर आहेच. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीला पहिल्यांदा मिळाला तो या कादंबरीसाठी. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात, ती रचना आजही पकड घेते. पण भाषा अलंकारांनी भरलेली आहे. उपमा, सुभाषितं, चिंतनाची लांब वाक्यं. वीस मिनिटांच्या तुकड्यांत तिचा रस लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळाला की घ्या, आणि पहिली चाळीस पानं एका बैठकीत वाचा. मग ती सुटत नाही.

सुट्टीत पुस्तकच पाहिजे असंही नाही. डिसेंबरमध्ये दिवाळी अंक ताजे असतात, आणि एव्हाना वाचनालयांत पहिली झुंबड ओसरलेली असते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून ही आपली खास मराठी सोय आहे. एका अंकात कथा, लेख, कविता, मुलाखत, व्यंगचित्रं सगळं असतं. ज्याला स्वतःची आवड नेमकी काय हेच माहीत नाही त्याने अंक चाळावा. ज्या लेखकाचा लेख तुम्ही न थांबता वाचलात त्याचं नाव टिपून ठेवा आणि त्याचं पुस्तक मागा. माझ्या मते आवड शोधण्याची याहून स्वस्त आणि सरळ वाट नाही. बऱ्याच वाचनालयांत ठराविक रकमेत सगळे अंक आलटून पालटून वाचायला देण्याची योजना असते. तासगावात किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात विचारा. थोडे दिवस राहणाऱ्याला अनामत घेऊन पुस्तक देतात का, तेही तिथेच विचारा. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, पण वडील जुने सभासद असतील तर प्रश्नच मिटला.

आता मुलगी आणि वडील. त्यांच्यासाठी वेगवेगळी पुस्तकं शोधायच्या आधी या दोघांना एकत्र बसवता येतं का ते पाहा.

वडिलांच्या डोळ्यांचं आधी. मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर तपासून घेतलाय का? कित्येक वयस्क सभासद ‘आता मन लागत नाही’ म्हणून वाचन सोडतात आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दर आठवड्याला येऊ लागतात. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर एक बारीक गोष्ट बघा. वाचनालयातलं पुन्हा बाइंडिंग केलेलं पुस्तक वयस्क माणसाला देऊ नका. फाटलेलं पुस्तक दुरुस्तीला जातं तेव्हा नवी शिवण मजकुराच्या जवळून मारली जाते आणि कडा कापल्या जातात. पुस्तक पूर्ण उघडत नाही, आतल्या बाजूची अक्षरं घडीत दबतात, दोन्ही हातांनी ते ताणून धरावं लागतं. तरुण माणूस ते निभावून नेतो. सत्तरीतल्या माणसाचे हात आणि डोळे दोन्ही थकतात, आणि त्याला वाटतं आपल्याला पुस्तकच नको झालंय. त्यांच्यासाठी नवी प्रत विकत घ्या, मोठ्या टाइपाची, सपाट उघडणारी. दुकानात पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवा. ते आपण होऊन मिटलं तर दुसरी आवृत्ती बघा.

कोणतं पुस्तक, तर माझं पहिलं मत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघालं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या कडक सोवळ्याच्या आठवणींपासून सुरुवात होते, मग लहान वयातलं लग्न, कवी ना. वा. टिळकांसारखा लहरी आणि मोठ्या मनाचा नवरा, त्यांचं ख्रिस्ती होणं, त्या काळातली ताटातूट आणि पुन्हा एकत्र येणं. एवढं दुःख असूनही पानापानावर हसू येतं. आजी बोलतेय असं वाटतं, आणि म्हणूनच हे पुस्तक डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकायला जास्त चांगलं आहे. वडिलांना नोकरीच्या, लढ्याच्या, गावगाड्याच्या गोष्टी आवडत असतील तर शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ द्या. आटपाडीतल्या महारवाड्यात जन्मलेला, तराळकी म्हणजे गावकीची चाकरी करणाऱ्या बापाचा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, तो प्रवास यात आहे. जिल्ह्यातलंच आत्मचरित्र आहे, आणि आपल्या भागाचा जो चेहरा सहसा गौरवाच्या भाषणांत येत नाही तो यात सरळ समोर येतो.

वाचून कोण दाखवणार? नात. दहा वर्षांची मुलगी मराठी वाचत नाही, कारण वाचताना ती अडखळते आणि अडखळताना कुणी बघितलेलं तिला आवडत नाही. आजोबांना मात्र तिची खरी गरज आहे. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, तिला शब्द येत नाहीत. ती वाचते, ते अर्थ सांगतात. इथे तिची परीक्षा नसते, ती आजोबांचं काम करत असते, हा फरक मुलांना बरोबर कळतो. सुरुवात ‘माणदेशी माणसं’मधल्या ‘झेल्या’पासून करा, शाळेतल्या एका पोराची गोष्ट आहे. रोज फक्त दोन पानं. ती कंटाळायच्या आत थांबवा. अजून हवं असताना थांबलेलं मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन पुस्तक शोधतं.

तिला एकटीला वाचायला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला बनेश फेणे, त्याचं ते ‘ट्टॉक्’, सायकल आणि एकामागून एक संकटं. पुण्यात वाढणाऱ्या मुलीला रस्त्यांची नावंसुद्धा ओळखीची वाटतील. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ त्याहून सोपा, अलीकडच्या भाषेतला. दोन्हींतली एकेक छोटी गोष्ट वाचून कोणता मुलगा जास्त आवडला ते तिलाच ठरवू द्या आणि पुढची पुस्तकं त्याचीच आणा. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ घरात ठेवण्यासारखं आहे. मराठी साहित्यातले निवडक उतारे त्यात चित्रांसह आहेत, बाल गट आणि कुमार गट असे वेगळे भाग आहेत. वय दहा असलं तरी तिला बाल गटापासून द्या. आणि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक विसरू नका. १९७१ पासून ते निघतं, आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. गंमत म्हणून तुमच्या स्वतःच्या जन्मसालाचा अंक काढून तिला दाखवा.

‘श्यामची आई’ हवं का, हे तुम्ही मुद्दाम विचारलंय. हवं. पण तिच्या हातात देऊन ‘वाच, संस्कार होतील’ असं म्हणू नका. त्या पुस्तकाचे बेचाळीस भाग म्हणजे बेचाळीस रात्री आहेत, ते रात्री सांगण्यासाठीच लिहिलंय. आजोबांना त्यातल्या कित्येक गोष्टी पाठ असतील. त्यांनी दिवा मालवल्यावर एक सांगावी, एवढंच. तिला आवडलं तर ती पुस्तक स्वतः मागेल.

एखादा दिवस काढता आला तर तिघं मिळून भिलारला जा. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, ओसरीवर, लॉजमध्ये एकेका प्रकारची पुस्तकं मांडलेली आहेत, आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत. कराड, सातारा, वाई आणि मग पसरणीचा घाट असा रस्ता आहे. पहाटे निघालात तर दुपारभर वाचता येईल. जाण्याआधी एकच ठरवा: मुलीने तिथे जे पुस्तक उचललं त्यावर तुम्ही मत द्यायचं नाही. तिने तीन पुस्तकं अर्धवट टाकली तरी चालेल. मोठी माणसं दुकानात चार साड्या उलगडून बघतात, मुलांनी चार पुस्तकं उघडून बघावीत.

आता जानेवारीपासून पुढचं. इथे मी बाराही महिन्यांचं वेळापत्रक देत नाही, फक्त थोडी नावं सांगते.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वर्षभर उशाशी ठेवा. बारा मराठी महिन्यांवर बारा लेख आहेत. चैत्रापासून वाचायची गरज नाही. जानेवारीत जो महिना चालू असेल, पौष किंवा माघ, तिथून उघडा आणि महिन्याला एकच लेख वाचा. भाषा थोडी दाट आहे, पण बाहेर बघत वाचलं की उलगडते. पुण्यात राहून झाडं, पाखरं, आभाळ यांच्याशी तुटलेलं नातं हे पुस्तक फार हळुवारपणे जोडतं.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ फेब्रुवारीत घ्या. वाटेगाव आपल्याच वाळवा तालुक्यातलं. गावाला जत्रेचा मान मिळवून देणाऱ्या जोगणीसाठी जीव देणारा राणोजी पहिल्या काही पानांतच भेटतो आणि मग गोष्ट थांबत नाही. ज्यांना ‘मराठीत वेग नाही’ अशी तक्रार असते त्यांना मी हीच देते. १९५९ सालची ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र तुम्ही आणि मुलगी दोघंही वाचू शकाल, दोन-तीन वर्षांनी तरी नक्की. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट मराठीत आणली, ते ‘एका कोळियाने’ अगदी लहान आहे. तुम्ही मूळ इंग्रजीत वाचलेलं असेल तर मुद्दाम वाचा. गोष्ट माहीत असली की सगळं लक्ष भाषेवर राहतं, आणि मराठीचा वेग परत यायला त्याची फार मदत होते.

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या पुस्तक महोत्सवातून एकदम सगळं घेऊन निघणार. फर्ग्युसनच्या मैदानावर इतके गाळे बघून हात थांबत नाही, मला कल्पना आहे. पण न वाचलेल्या पंधरा पुस्तकांचा ढीग घरात आला की पहिलं उघडायलाही दडपण येतं. तीन घ्या: ‘माणदेशी माणसं’, ‘बनगरवाडी’ आणि वडिलांसाठी ‘स्मृतिचित्रे’ची सपाट उघडणारी प्रत. मुलीला तिच्या पैशांनी तिचं एक घेऊ द्या. बाकीची नावं मोबाइलमध्ये ठेवा आणि एक पुस्तक संपल्याशिवाय दुसरं आणू नका.

एखादं पुस्तक पन्नास पानांपर्यंत गेलं आणि तरी ओढ लागली नाही तर ते मिटा, मी सुचवलेलं असलं तरी. फक्त कुठे थांबलात ते पान आणि तारीख आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर वहीत लिहा. वर्षा-दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा उघडल्यावर सरसर वाचून झालं, असं आमच्याकडचे अनेक सभासद सांगतात. मधल्या काळात दुसरं घ्या. आणि सुट्टीवरून परतल्यावर जमलं तर वडिलांनी ‘स्मृतिचित्रे’ कुठपर्यंत ऐकलं ते कळवा, म्हणजे त्यांच्यासाठी पुढचं सुचवता येईल.